समजूतदार मूल : आकलन, साक्ष आणि क्षमा

१

मराठीत मुलाचे कौतुक करताना ‘समजूतदार’ हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. हट्ट न करणारे, मागितलेले मिळाले नाही तरी कुरकुर न करणारे, मोठ्यांच्या कपाळावरची आठी पाहून आपला आवाज आवरणारे मूल समजूतदार ठरते. या शब्दाच्या कुळातील इतर शब्दप्रयोग पाहिले तर या कौतुकाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. रडणाऱ्याची समजूत घालतात, रुसलेल्याची समजूत काढतात आणि चुकलेल्याला समज देतात. पहिल्या दोहोंत सांत्वन आहे, तिसऱ्यात धाक आहे. परंतु तिन्ही ठिकाणी एकाने काय मानावे हे दुसरा ठरवीत असतो. समजूतदार मुलाच्या बाबतीत हा दुसरा बाहेर राहण्याची गरज उरत नाही. ते मूल आपली समजूत आपणच घालते, आपल्याला समजही आपणच देते.

बहुतेक घरांत हा गुण मर्यादेत राहतो आणि तो सहजीवनाला आवश्यकही असतो. काही घरांत मात्र एका मोठ्या माणसाच्या मनःस्थितीभोवती सगळ्यांचे जीवन फिरत असते. ते माणूस दुखावले जाऊ नये, त्याची प्रतिमा डागाळू नये, त्याचा संताप उसळू नये, हे घरातील लहानाचे मुख्य काम होऊन बसते. अशा घरातून बाहेर पडलेल्या माणसाला मोठेपणी एक उपदेश हमखास ऐकावा लागतो : त्यांना समजून घे, त्यांचीही काही बाजू असेल, त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केले. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याचे बालपण पालकांना समजून घेण्यातच खर्ची पडले, त्याने त्यांना आणखी समजून घ्यावे ही अपेक्षा न्याय्य आहे काय? आणि असे आकलन हेच त्याच्या सावरण्याचे साधन मानता येईल काय?

२

‘नार्सिसिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘आत्मरती’ हा शब्द वापरला जातो. ही संज्ञा एका पुराणकथेतून आली, पण येताना त्या कथेतील अर्धा भाग मागे राहिला. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या तिसऱ्या सर्गात पाण्यातील प्रतिबिंबावर लुब्ध झालेल्या नार्सिससच्या जोडीला एको आहे. जुनोच्या शापामुळे तिला स्वतःहून बोलता येत नाही. दुसऱ्याच्या वाक्याचे शेवटचे शब्द तेवढे तिला उच्चारता येतात. नार्सिससने झिडकारल्यावर ती झिजत जाते, तिच्या हाडांचे दगड होतात आणि आवाज मात्र उरतो. मानसशास्त्राने संज्ञा घेतली ती नार्सिससची. एकोच्या अवस्थेला तसे प्रतिष्ठित नाव मिळाले नाही. ज्याच्यामुळे त्रास झाला त्याचे वर्णन करण्याची परिभाषा विकसित झाली, ज्याला त्रास झाला त्याची भाषा मागे पडली, असे या नामकरणाचे एक फलित म्हणता येईल.

फ्रॉइडच्या १९१४ सालच्या आत्मरतीविषयक निबंधात एक निरीक्षण आहे : पालकांचे अपत्यप्रेम हे पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या हरवलेल्या आत्मरतीचे पुनरुज्जीवन असते. आपल्याला जे साधले नाही ते मुलाने साधावे, या इच्छेत मूल स्वतंत्र व्यक्ती म्हणून क्वचितच उपस्थित असते. फ्रॉइडच्या दृष्टीने ही सर्वसामान्य पालकत्वाची गोष्ट आहे, रोगाची नव्हे. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालमनोविश्लेषकाने १९६७ साली हेच नाते उलट बाजूने पाहिले. तान्हे मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते तेव्हा त्याला तेथे स्वतः दिसते, कारण आई त्याच्याकडे पाहत असते. परंतु आईच्या चेहऱ्यावर तिचीच मनःस्थिती उमटत असेल, तर मूल स्वतःला शोधण्याचे सोडून चेहरा वाचू लागते. शेतकऱ्याने आभाळ पाहून पावसाचा अदमास घ्यावा तसे ते मोठ्यांच्या मनाचा अदमास घेऊ लागते. समजूतदारपणाचा उगम अनेकदा येथे असतो.

१९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत आत्मरतीप्रधान व्यक्तिमत्त्वविकृतीची स्वतंत्र नोंद झाली. त्यानंतर ही संज्ञा दवाखान्यातून बोलचालीत उतरली आणि आज ती न पटणाऱ्या कोणत्याही माणसाला चिकटवली जाते. निदान करणे हे वैद्यकाचे काम आहे आणि ते समोर बसलेल्या माणसाचेच करता येते. नैतिक विचाराला निदानाची गरजही नाही. पालकाला विकृती होती की नव्हती, यावर मुलाच्या अनुभवाची सत्यता अवलंबून नसते. त्या घरात आरसा कोणी कोणासाठी व्हायचे होते, हा येथे महत्त्वाचा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाची साहित्यातील अत्यंत तपशीलवार मांडणी फ्रान्झ काफ्काने केली. नोव्हेंबर १९१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, प्रागजवळच्या शेलेझेन या गावी त्याने वडिलांना उद्देशून हाताने शंभरावर पृष्ठे भरतील एवढे पत्र लिहिले. निमित्त होते ते यूली वोरिझेक हिच्याशी ठरवलेल्या विवाहाला वडिलांनी केलेल्या कडव्या विरोधाचे. पत्र वडिलांपर्यंत पोचले नाही. माक्स ब्रोडच्या सांगण्यानुसार काफ्काने ते आईकडे दिले आणि आईने ते परत केले. काफ्का १९२४ साली वारला, वडील १९३१ साली. पत्र प्रसिद्ध झाले ते १९५२ साली.

पत्रात वर्णन केलेला छळ वरवर पाहता किरकोळ वाटण्याजोगा आहे. लहानपणी एका रात्री मूल पाण्यासाठी कुरकुरत राहिले म्हणून वडिलांनी त्याला उचलून अंगणाकडच्या सज्जात नेले आणि दाराबाहेर रात्रीच्या अंगरख्यात काही वेळ उभे केले. जेवताना हाडे दातांनी फोडायची नाहीत हा नियम मुलांसाठी होता, वडील स्वतः ती फोडत. वडिलांनी त्याला मारल्याचे प्रसंग जवळजवळ नाहीतच. पण ते ओरडत, लालबुंद होत, पँटचे पट्टे सोडून खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवत. फाशीची सगळी तयारी डोळ्यांसमोर व्हावी आणि ऐनवेळी माफी मिळावी, असा हा अनुभव असल्याचे काफ्का नोंदवतो. मार बसला असता तर प्रकरण तेथे संपले असते. तो न बसल्यामुळे शिक्षेला आपण पात्र होतो आणि केवळ कृपेने सुटलो, ही जाणीव तेवढी साचत गेली.

या पत्राची रचना पाहिली असता एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. लेखक वारंवार सांगतो की वडील निर्दोष आहेत. हेर्मान काफ्का हे ओसेक या खेड्यातील खाटकाच्या घरात वाढले, लहान वयात हातगाडीवरून मांस पोचवण्याचे काम त्यांनी केले, पुढे प्रागमध्ये स्वतःच्या कष्टाने दुकान उभे केले. हे सारे मुलाला ठाऊक आहे, इतके ठाऊक आहे की त्याच्या तक्रारीला उभे राहायला जागाच उरत नाही. आणि पत्राच्या शेवटी तर तो वडिलांचे संभाव्य उत्तरही स्वतःच लिहून टाकतो. या कल्पित उत्तरात वडील मुलाला परोपजीवी ठरवतात. हे पत्रही त्याच परोपजीवीपणाचा नमुना असल्याचे सुचवतात. हा आरोप वडिलांनी केलेला नाही. मुलाने तो त्यांच्या वतीने, त्यांच्यापेक्षा अधिक तीक्ष्ण शब्दांत रचला आहे.

१९२० साली मिलेना येसेन्स्का हिला लिहिताना काफ्काने हे पत्र वकिली कावे असलेले पत्र असल्याचे म्हटले. कायद्याचा पदवीधर असलेल्या लेखकाच्या या कबुलीमुळे काही समीक्षक पत्राकडे निव्वळ वाङ्मयीन रचना म्हणून पाहतात, तर काही चरित्राचा पुरावा म्हणून. दोन्ही वाचनांतून एक बाब निसटते. या खटल्यात फिर्यादी, बचावाचा वकील आणि साक्षीदार एकच आहे आणि त्यांपैकी बचावाचा वकील सर्वांत समर्थ आहे. हे अशिलाचे अपयश नव्हे. हीच त्या बालपणाची निष्पत्ती आहे. वडिलांची बाजू मुलाच्या आत आधीच वसलेली असल्यामुळे त्याची स्वतःची बाजू तिच्या परवानगीशिवाय बोलू शकत नाही. एकोला निदान दुसऱ्याचे शब्द संपेपर्यंत थांबावे लागे. येथे ते शब्द उच्चारले जाण्यापूर्वीच मुलाच्या तोंडी येतात.

४

काफ्काच्या पत्रात जे दिसते त्याचे सैद्धांतिक वर्णन हंगेरियन मनोविश्लेषक शांडोर फेरेंत्सी याने सप्टेंबर १९३२ मध्ये वीसबाडेन येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात केले. प्रौढांची भाषा आणि मुलाची भाषा यांतील गोंधळ हा त्याचा विषय होता. मूल मायेची मागणी करते आणि प्रौढ तिला आपल्या वासनेच्या किंवा संतापाच्या भाषेत उत्तर देतो. असहाय मूल प्रतिकार करू शकत नाही, पळून जाऊ शकत नाही. म्हणून ते आक्रमकाशी तादात्म्य पावते. त्याच्या इच्छा ते ओळखू लागते, त्या पुरवू लागते आणि त्याने नाकारलेला अपराधही स्वतःच्या अंगावर घेते. अशा मुलाची बुद्धी अकाली पिकते. चोच लागलेले फळ लवकर पिकावे, तशी ही पक्वता असते. समजूतदारपणाचे याहून नेमके वर्णन आढळणे कठीण आहे.

फेरेंत्सीच्या मांडणीतील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. घटनेनंतर प्रौढ काहीच घडले नसल्यासारखा वागतो आणि घरातील इतर माणसेही मुलाचे सांगणे उडवून लावतात. हा नकार मूळ आघाताला पूर्ण करतो. मुलाचा आपल्या संवेदनांवरील विश्वासच मोडतो. मराठी घरांतील ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही शहाणीव या ठिकाणी क्रूर ठरते, कारण मुठीत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती रिकामी आहे असे पटवले जाते. फेरेंत्सीने उपचारकांवरही हाच आरोप केला. रुग्णापुढे आपली चूक न मानणारा, व्यावसायिक अलिप्ततेच्या आड लपणारा विश्लेषक जुन्याच घराची पुनरावृत्ती करतो. उलट तो आपली चूक कबूल करतो तेव्हा रुग्णाला प्रथमच वर्तमान आणि भूतकाळ यांतील फरक जाणवतो आणि भूतकाळ आठवण म्हणून पाहता येतो. हा निबंध फ्रॉइडसह अनेक सहकाऱ्यांना रुचला नाही. १९३३ च्या मे महिन्यात फेरेंत्सीचा मृत्यू झाला आणि इंग्रजी वाचकांपर्यंत निबंध पोचायला १९४९ साल उजाडले. नकाराविषयीचा निबंध काही काळ नकारालाच बळी पडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या मांडणीनुसार आघातात कृती आणि नकार असे दोन घटक आहेत. कृती घडून गेली, ती पुसता येत नाही. सावरण्याचा संबंध दुसऱ्या घटकाशी अधिक आहे. त्यासाठी कोणीतरी ‘हे घडले, आणि ते घडायला नको होते’ एवढे म्हणावे लागते. पालकाच्या मनाचे कितीही सूक्ष्म आकलन झाले तरी ते या वाक्याची जागा घेऊ शकत नाही. किंबहुना त्या वाक्याच्या आधी आले तर ते त्याची वाट अडवते.

५

भारतीय परंपरेत पालकांच्या देवत्वाचा उपदेश आहे, श्रावणाची कथा आहे, पंढरपूरच्या विटेची कथा आहे. त्याच परंपरेतील कठोपनिषदाच्या आरंभीची कथा मात्र या अंगाने क्वचितच वाचली जाते. वाजश्रवस सर्वस्वदानाचा यज्ञ करतो आणि दक्षिणा म्हणून ज्यांचे दूध आटले, ज्यांच्या इंद्रियांतील बळ संपले अशा गाई देतो. हे पाहणारा मुलगा विचारतो, मला कोणाला देणार? तो पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. आपल्या दातृत्वाच्या प्रतिमेला तडा गेलेला पिता चिडून सांगतो की तुला मृत्यूला दिले. मुलगा निघतो.

या प्रसंगाशेजारी काफ्काची १९१२ सालच्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत लिहून झालेली ‘दास उर्टाइल’ ही कथा ठेवून पाहण्यासारखी आहे. तेथेही पिता मुलाला मृत्यूची शिक्षा सुनावतो आणि मुलगा धावत जाऊन पुलावरून स्वतःला सोडून देतो. सोडताना आई-वडिलांवरील आपल्या प्रेमाची ग्वाही देतो. दोन्ही मुलगे आज्ञाधारक आहेत. दोघांच्या कथा वेगळ्या होतात त्या पुढे काय भेटते यामुळे. काफ्काच्या नायकाला पुलाखाली नदी भेटते. नचिकेताला यम भेटतो.

यम घरी नसल्यामुळे नचिकेता तीन रात्री उपाशी राहतो. परतल्यावर यम पहिली गोष्ट करतो ती ही की तो या उपेक्षेची दखल घेतो. आदरणीय अतिथी आपल्या दारी उपाशी राहिला, म्हणून तो त्याला वंदन करतो आणि प्रत्येक रात्रीमागे एक असे तीन वर देऊ करतो. या कथेत मुलाला झालेला त्रास मोजणारा आणि त्याची भरपाई देणे लागतो असे मानणारा पहिला प्रौढ हा साक्षात मृत्यू आहे. त्याच्या वागण्यात भावविवशता नाही. अतिथिधर्माचा भंग झाला, तो दुरुस्त झाला पाहिजे, एवढीच त्याची भूमिका आहे. मुलाच्या बाबतीत कबुली ही दयेची बाब नसून कर्तव्याची बाब आहे, हे सूत्र यातून निघते.

नचिकेता मात्र आपला पहिला वर वडिलांसाठी खर्च करतो. वडिलांची चिंता शमावी, राग जावा, परतल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून प्रेमाने बोलावे, असे तो मागतो. भाष्यपरंपरा याकडे पितृभक्ती म्हणून पाहते आणि ते वाचन चुकीचे नाही. तरीही मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला सर्वांत आधी वडिलांच्या मनःस्थितीची काळजी वाटावी, यात समजूतदारपणाची जुनी सवय दिसल्याशिवाय राहत नाही. घरी स्वीकार होईल याची हमी मिळाल्याशिवाय त्याला स्वतःचा प्रश्न विचारता येत नाही. उपनिषदाचे मोठेपण असे की ते त्याला तेथे थांबवीत नाही. तिसरा वर त्याचा स्वतःचा आहे. यम संपत्ती, दीर्घायुष्य, भोग असे पर्याय पुढे करून त्याला परावृत्त करू पाहतो तेव्हा तो ते स्पष्टपणे नाकारतो. वडिलांचा दोष दाखवून शिक्षा ओढवून घेणारा मुलगा येथे पुन्हा एकदा मोठ्याशी असहमत होतो आणि या वेळी त्याच्या असहमतीचे कौतुक होते. ज्ञान त्यानंतर येते.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. पालकही कोणाची तरी मुले होती. हेर्मान काफ्का यांचे बालपण मुलाच्या बालपणापेक्षा पुष्कळ अधिक कष्टाचे होते. दारिद्र्य, अवमान आणि असुरक्षितता यांतून आलेल्या माणसाला आत्मरत म्हणून दोषी ठरवणे हे सुस्थितीतील पुढच्या पिढीचे कृतघ्न चोचले ठरणार नाहीत काय? आक्षेपातील तथ्य मान्यच करायला हवे. छळाला कारणे असतात आणि ती बहुधा छळणाऱ्याच्या जन्माआधीपासून चालत आलेली असतात. परंतु कारण सांगणे आणि दोषमुक्त करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पूर का आला याचे स्पष्टीकरण दिल्याने वाहून गेलेले घर परत येत नाही, आणि त्या घराची मोजदाद करणारा माणूस नदीचा वैरी ठरत नाही.

आकलन आपोआप शृंखला तोडते, हा विश्वासही तपासावा लागतो. ॲलिस मिलर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पालकांच्या गरजा ओळखणाऱ्या गुणी मुलाची शोकांतिका मांडली आणि जगभरच्या असंख्य वाचकांना आपल्या अनुभवासाठी भाषा दिली. नाझी अमलाखालील वॉर्सात खोट्या ओळखीने जगावे लागलेल्या या लेखिकेच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, तिच्या मुलाने, मार्टिन मिलर याने, पुस्तक लिहून सांगितले की ग्रंथांत मुलाची बाजू घेणारी आई घरात त्याच्या बाजूला उभी राहिली नव्हती. वडील मारत असताना तिने त्याला वाचवले नाही. यामुळे मिलर यांचे लेखन खोटे ठरत नाही. मुलाने आईच्या युद्धकालीन भूतकाळाचा शोध घेतला, तिच्या वागण्याची कारणे मांडली आणि तरीही आपल्याशी जे घडले ते मागे घेतले नाही. काफ्काच्या पत्रात न साधलेली गोष्ट येथे काही अंशी साधली आहे : स्पष्टीकरण आणि साक्ष शेजारी शेजारी उभ्या आहेत, एकीने दुसरीला गिळलेले नाही.

मग क्षमेचे काय? क्षमा हा सद्गुण आहे, पण तो ऋणकोकडून वसूल करण्याचा हप्ता नव्हे. जो गुन्हा घडलाच नाही असे सांगितले जाते त्याची क्षमा करता येत नाही. तेथे केवळ विसरण्याचा अभिनय करता येतो. शिवाय ज्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य नव्हते त्याच्या हो म्हणण्याला क्षमेचे मूल्य नसते. म्हणून छळ सोसलेल्या माणसाला राग धरण्याचा, अंतर राखण्याचा, प्रसंगी संबंध तोडण्याचा अधिकार आधी मान्य करावा लागतो. त्यानंतर त्याने क्षमा केली तर ती त्याची स्वतःची कृती असते. त्याने केली नाही, तर त्याच्या बरे होण्यात काही उणे राहिले असा निर्णय इतरांनी देण्याचे कारण नाही. त्याला उपदेश करणाऱ्या नातलगांनी यमाच्या भूमिकेतून आपले काही देणे लागते का, हे आधी पाहावे.

काफ्काने १९२१ साली आपली बहीण एली हिला तिच्या मुलाच्या शिक्षणासंबंधी काही पत्रे लिहिली. स्विफ्टच्या लिलिपुटवासीयांचा हवाला देऊन त्याने असे मांडले की मुलांचे संगोपन सोपवण्यास पालक हे सर्वांत अपात्र असतात, आणि मुलाला घरापासून दूर शाळेत ठेवण्याचा आग्रह धरला. मत टोकाचे आहे आणि ते जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या पत्रातील स्वराशी त्याची तुलना करावी. वडिलांना लिहिताना प्रत्येक वाक्याला बचाव जोडणारा हा लेखक दुसऱ्या एका मुलासाठी लिहिताना वडीलधाऱ्यांची बाजू अजिबात मांडत नाही. त्याचे बोलणे सरळ, ठाम आणि रागीटही आहे. स्वतःसाठी जी साक्ष त्याला देता आली नाही, ती भाच्यासाठी देता आली. छळातून सावरलेल्या अनेकांची वाट अशीच असते : आधी दुसऱ्या मुलाची बाजू घेता येते, आणि ते मूल आपणही होतो हे उशिरा ध्यानात येते.